खऱ्या कोशाची शिंक

“माझं नाक आजपावतो एकदाही चुकलं नाही, मॅडम,” नंदलाल म्हणाला, “सरकारचा शिक्का चुकन, पण हे नाक नाही चुकनार,” आणि एवढं बोलून तो सात वेळा शिंकला. सातवी शिंक संपली तेव्हा त्याच्या डाव्या हातावरचे दोन थेंब ओघळून एकमेकांत मिसळले होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टर शुभांगी मॅडमनी ते कापसानं टिपले, पुन्हा घातले, पुन्हा टोचले आणि सांगितलं, की काका, आता वीस मिनिटं हात हलवायचा नाही, खाजवायचा तर बिलकूलच नाही. हातावर निळ्या पेनानं एक ते अठरा आकडे काढलेले होते. आकड्याशेजारी थेंब, थेंबात टोचणी. एकात घरातली धूळ, एकात झुरळ, एकात गाजरगवत, एकात धानाचा कोंडा. अख्खा भंडारा जिल्हा त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत वस्तीला बसवला होता. नंदलाल त्या वस्तीकडे पाहत बसला. पंखा फिरत होता, बाहेर कोणाचं तरी लहान पोर कानात औषध घालू देत नव्हतं, आणि त्याला उगाच वाटत होतं, की आपलं नाक आपल्याला न विचारता साक्ष द्यायला उभं केलं आहे. एक थेंब सगळ्यांचाच फुगतो म्हणे, तो फुगला. बाकी सोळा थेंब सपाट राहिले. अकरा नंबर मात्र तुरीच्या दाण्याएवढा टरारून वर आला होता, भोवती लाल रिंगण घेऊन.

“हा अकरा कोन आहे?” त्यानं विचारलं, रांगेत मधेच घुसलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं.

“रेशीम. कच्च्या रेशमाची धूळ.” मॅडमनी पट्टी लावून फोड मोजली. “काका, तुमाले कोशाची ॲलर्जी आहे. लहानपणापासून असन.”

सोबत आलेली रुचिका, त्याची पोरगी, ओढणी तोंडाला लावून हसली. तिनं नुकतीच फार्मसीची परीक्षा पास केली होती आणि घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर ती मोठ्यानं वाचून दाखवत असे. नंदलालला पहिल्यांदा वाटलं, बाईंच्या कागदात गडबड झाली. मग वाटलं, आपल्यात झाली. तीन पिढ्या कोसा, म्हणजे टसरचं रेशीम. आजा आंधळगावात मागावर बसायचा, बापानं माग सोडून गठ्ठे खांद्यावर घेतले, भंडाऱ्याच्या बाजारात दुकान टाकलं, आणि आपण त्या दुकानाच्या गादीवर बसून चौतीस वर्षं शिंकलो. कोणी येऊन सांगावं, की बाबू, तुझा बापावर जीव नव्हता, तुला त्याची नुसती खाज यायची, तसं काहीतरी हे होतं.

कारण शिंकेवर तर सगळं उभं होतं. तो नऊ वर्षांचा होता तेव्हा आंधळगावच्या घरी एक परगावचा व्यापारी पाच लुगडी घेऊन आला. बाप एकेका पदराची दशी तोडायचा, काडीनं जाळायचा, वास घ्यायचा, राख चिमटीत चुरडायचा. खऱ्या कोशाची दशी जळलेल्या केसासारखी घाण मारते, विस्तव काढला की आपोआप विझते आणि तिच्या राखेची भुकटी होते. नकलीची कडक गोळी होऊन बोटाला चिकटते. नंदलाल पाढे सोडून बाजूला बसला होता. पहिलं लुगडं उलगडलं, तो शिंकला. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला नाही. चौथ्याला दोनदा. पाचव्याला नाही. बापानं राख पाहिली तर पहिलं आणि चौथं तेवढं खरं. त्यानं पोराचं नाक दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवलं आणि बैलाचे दात पाहावेत तसं नीट पाहिलं. त्यानंतर त्या घरात कोणी दशी जाळली नाही. नंदलालनं तर आयुष्यात एकदाही नाही. त्याला जळक्या कोशाचा वास कसा असतो हेही सांगता आलं नसतं, कारण नाक सदा चोंदलेलं. पण तो वास घेतच नव्हता, तो शिंकत होता, आणि लोकांना तेवढं पुरत होतं.

बाजारात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. बाकीच्या जगात शिंक आली की माणूस उंबऱ्यात थबकतो, पाणी पितो, घटकाभर बसतो. नंदलालच्या दुकानात शिंक आली की सौदा पक्का व्हायचा. बाया लुगडं पुढं सरकवायच्या, तो पदर नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा, दुकानात सगळे श्वास धरायचे, आणि मग ती यायची. कोणीतरी “खरा हाय वो” म्हणायचं. तुमसरकडच्या, गोंदियाकडच्या लग्नघरच्या बाया दुकानात शिरतानाच सांगायच्या, “भाऊजी, शिंकलेलंच दाखवा.” पेंटरनं पाटीवर पदर काढला आणि पदराच्या टोकाशी एक नाक. नाक नंदलालचं नव्हतं, पेंटरला जमलं ते होतं, पण येणारे ते त्याच्या नाकाशी ताडून पाहायचे आणि पटल्यासारखी मान हलवायचे.

फजिती दुकानाबाहेर व्हायची. कोशाची बारीक धूळ त्याच्या सदऱ्यात, केसांत, भुवयांत बसलेली असायची आणि त्याच्यासोबत गावभर हिंडायची. हे त्याला आज, पन्नाशी उलटल्यावर, अकरा नंबरच्या फोडीकडे पाहताना कळत होतं. मधुकरराव मामा गेले तेव्हा चौघांनी तिरडी उचलली आणि नंदलाल शिंकला. तिरडी खाली ठेवली. थोडं थांबून उचलली, पुन्हा शिंकला, पुन्हा ठेवली. चौथ्या वेळी मामी रडता रडता म्हणाली, “यायले जायचं नाही का रे बापू, का तुले न्यायचं नाही?” पुतण्या अश्विनच्या लग्नात ‘सावधान’वर शिंक आली आणि भटजींनी अख्खं मंगलाष्टक पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, अक्षता संपल्या, शेवटी मसालेभाताचे तांदूळ आणावे लागले. घरचे त्याला सर्दी म्हणायचे. ओव्याची धुरी झाली, हळदीचं दूध झालं, नाकात मोहरीचं तेल झालं. मग मेडिकलवाल्यानं एक पिवळी गोळी दिली. ती घेऊन त्यानं लुगडं नाकाशी धरलं आणि तसाच झोपला. चार बाया अर्धा तास हात जोडून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आज नाक खोल गेलं. मग त्याच मेडिकलवाल्यानं थेंब दिले. थेंब घातला की नाक पाखरासारखं मोकळं, आणि तीन तासांनी असं बंद, की गोसीखुर्द धरणाची सगळी दारं एकदम खाली टाकली. पाच दिवसांच्या वर घालू नये असं बाटलीवर लिहिलेलं रुचिकानं वाचून दाखवलं तेव्हा त्याचं सव्वा वर्ष झालं होतं.

डॉक्टरकडे तो आला होता तो या कशासाठीही नाही. रुचिकाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, बावीस दिवसांवर आलं होतं. पवनीचे सेवकरामजी पाहुणे घेऊन आले, पोरगी पसंत पडली, पोरगा भुपेंद्र शाळेत मास्तर, दिसायला बरा, बोलायला कमी. सेवकरामजींनी लाडू हातात घेतला, “मंग पक्कं,” म्हणाले, आणि नंदलाल शिंकला. सेवकरामजींनी लाडू खाली ठेवला. ते मांजर आडवं गेलं तर पवनीहून भंडाऱ्याला येणारी गाडी परत फिरवणारे गृहस्थ. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा लाडू घेतला, पुन्हा “पक्कं” म्हणाले, पुन्हा शिंक. तिसऱ्या वेळी ते “पक्कं” एवढं घाईनं म्हणाले, की शिंक मागे पडली. पण जाताना चपला घालता घालता त्यांनी होणाऱ्या व्याह्याला हसत हसत सांगितलं, “इवाई, साक्षगंधाले हे नाही झालं पायजे बरं का. झालं तं आमी पाटावरून उठून जाऊ. मंग तुमी म्हनान का सांगतलं नव्हतं.” हसले ते फक्त दातांनी. त्या रात्रीपासून मंगलाबाई, नंदलालची बायको, त्याच्याशी त्याच्या नाकाकडे पाहून बोलू लागली.

शुभांगी मॅडमनी थेंबाची बाटली तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकली. झोप न आणणारी एक गोळी रात्री, आणि नाकात एक फवारा सकाळी. “हा थेंबासारखा लगेच काम नाही करत, काका. आठ-दहा दिवस धीर धरा. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्यात उजव्या हातानं. मान थोडी खाली. फवारा कानाच्या दिशेनं, मधल्या पडद्यावर नाही. अन् जोरात ओढायचं नाही.” नंदलालनं हे सगळं ऐकून दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर पहिला फवारा चष्म्यावर मारला. दुसरा भिंतीवर बसला. तिसरा आत गेला, पण त्यानं सवयीनं एवढ्या जोरात ओढला, की तो घशातून खाली उतरला आणि दिवसभर चहाला अत्तराची चव आली. मंगलाबाईनं हात आडवेतिडवे केलेला नवरा देवघराशेजारी पाहिला आणि देवाकडे पाहिलं. पहिले चार दिवस तर थेंब सुटल्यामुळे नाक इतकं बंद राहिलं, की तो तोंडानं श्वास घेत गादीवर बसायचा आणि गिऱ्हाइकांना वाटायचं, शेठला आपल्या बोलण्याचं नवल वाटून राहिलं.

नवव्या दिवशी तो जागा झाला आणि काहीतरी नव्हतं. शेजारी कोणी रोज रेडिओ लावावा आणि आज लावू नये, तसं. तो पडून राहिला. हवा दोन्ही नाकपुड्यांतून आत जात होती आणि बाहेर येत होती, तिला कोणी अडवत नव्हतं. मग त्याला वास येऊ लागले. उशीचा तेलकट वास आला. नळाच्या पाण्याला गंज होता. बायकोच्या केसांना मेथीचा वास होता, तीस वर्षं असणार, आणि त्याला तो परक्या बाईच्या डोक्याचा वाटला. तो जरा बाजूला सरकला. दुकानाचं शटर वर केलं तेव्हा आतून एक मुरलेली, खारवलेली, मेलेल्या किड्यांची घाण बाहेर आली आणि त्यानं कुठं उंदीर मेला म्हणून अर्धं दुकान खाली काढलं. उंदीर नव्हता. तो कोसा होता. चौतीस वर्षं ज्याच्या खरेपणाची तो ग्वाही देत होता तो हा असा नाकाला येत होता, आणि त्याच्याशी त्याची आजवर साधी ओळखही झालेली नव्हती. शिंक काही आली नाही. त्यानं कपाटातलं सगळ्यात भारी लुगडं काढलं, पदर नाकावर दाबला, डोळे मिटले. आत सगळं स्वच्छ होतं, सारवलेल्या, झाडलेल्या आणि माणसं गावाला गेलेल्या घरासारखं.

अकराव्या दिवशी कवडू आला. कवडू आंधळगावचा विणकर, नंदलालच्या बापाच्या वेळपासून माल देणारा, दोन लुगडी फडक्यात बांधून एसटीनं यायचा. त्यानं फडकं सोडलं, पदर वर करून ठेवला आणि हात गुडघ्यावर ठेवून बसला. नंदलालनं पदर नाकाशी नेला. कवडू वाट पाहू लागला.

“शिंका न जी.”

“येऊन नाही राहिली, कवडू.”

“काहून?”

“दवाई चालू आहे नाकाची.”

“मंग थांबतो मी.” आणि तो खरंच थांबला. चहा झाला, तंबाखू झाला, दुपारची एसटी गेली. अधूनमधून तो नंदलालच्या नाकाकडे पाहायचा, गाय व्यायची वाट पाहावी तसं. शेवटी त्यानं हळूच विचारलं, “शेठजी, माह्या लुगड्यात काई खोट तं नाई न?”

“अरे, तुह्या लुगड्यात कायची खोट? तूच विनलं न ते?”

“तेच म्हनतो मी. कोसे मीनं शिजवले. बायकोनं मांडीवर धागा काढला, तिची मांडी पाहा न, कशी घासली आहे,” म्हणून त्यानं स्वतःची मांडी दाखवली. “अन् तुमी शिंकून नाई राहिले. उद्या लोक का म्हनतीन? का कवडू आता नकली घालते म्हनून.” त्यानं पदर खाली केला, घडी घातली, फडक्याला गाठ मारली. “बिनशिंकेचं लुगडं मी देत नाई, शेठजी. दवाई सरली का सांगा.” तो उठून गेला, आणि नंदलालला वाटलं, याला ओरडून सांगावं की थांब, मला माहीत आहे ते खरं आहे. पण कशावरून माहीत आहे, असं कवडूनं विचारलं असतं तर? त्याला खरंच माहीत नव्हतं. कवडूच्या तोंडाकडे पाहून त्यानं ते ताडलं होतं, आणि तोंडाकडे पाहून तर बाजारातला कोणीही ताडू शकत होता.

हे त्याच्या डोक्यात कोशातल्या किड्यासारखं वळवळू लागलं. नाक खरं की आपण खरे? गोळी बंद केली तर दोन-चार दिवसांत शिंक परत येईल असं रुचिका म्हणाली होती. “बाबा, शिंक म्हणजे काही देणगी नाही. शरीराले वाटते चोर आला, म्हणून ते भांडे वाजवते. गोळीनं भांडेच उचलून ठेवले.” ती हे मजेत म्हणाली. त्याला मात्र डोळ्यांसमोर सगळी भांडी फळीवर उपडी ठेवलेलं रिकामं घर दिसलं आणि त्या घरात चोर आरामात हिंडताना दिसला. त्या रात्री त्यानं गोळी गादीखाली सरकवली. मंगलाबाईनं गादी उचलून ती काढली आणि तळहातावर धरली.

“अजी, हे का आहे?”

“एक दिवस नाही घेतली तं का होते?”

“एका शिंकेनं इवाई उठून जाईन, हे होते. तुमाले दुकान पायजे का पोरीचं साक्षगंध?” त्यानं गोळी घेतली. तिनं जीभ वर करून दाखवायला लावली.

साक्षगंध समाजभवनात होतं, सकाळी अकरा सत्तावीसला. अडीचशे माणूस, लाल गालिचा, दोन कूलर, मागच्या बाजूला आचाऱ्यांची धावपळ. नंदलालनं फवारा नेमका मारला होता, कानाच्या दिशेनं, न ओढता. नाक इतकं कोरडं आणि शांत होतं, की ते आपल्या तोंडावर आहे की घरी राहिलं, हे त्यानं बोट लावून पाहिलं. पाहुण्यांच्या अंगावरची अत्तरं, झेंडू, बुंदीचं तूप, कोणाच्या तरी कोटातली डांबरगोळी, सगळं सगळं त्याला येत होतं आणि त्यातल्या कशानंही त्याला काही होत नव्हतं. तो सगळ्यांना हात जोडत होता. मंगलाबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांकडे पाहून हसली. नवरदेवाकडचं ताट आलं. साखर, कुंकू, नारळ, अंगठी, आणि वर घडी केलेली जांभळ्या काठाची कोशाची साडी. ती पोरीच्या ओटीत घालायची, पोरीनं आत जाऊन नेसून यायची, मग अंगठ्या. पण सेवकरामजींनी ताट पोरीपुढं नेलं नाही. ते गालिच्यावरून चालत आले आणि त्यांनी ते नंदलालपुढं ठेवलं.

“इवाई, पयले तुमी पाहा. खास पवनीच्या मागावरची आहे. आमच्या घरानं कधी नकली नेसवली नाही.” मग माइक हातात नव्हता तरी माइकमध्ये बोलावं तसं म्हणाले, “तुमच्या नाकाचा शिक्का पडू द्या.”

नंदलाल खाली वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, “तुमीच म्हनाले न, शिंक नाही पायजे म्हनून?”

“ते शिंक वेगळी, हे वेगळी,” सेवकरामजी म्हणाले. “कोशाची शिंक शुभ असते. मी पवनीत सगळ्याइले सांगून आनलं आहे.”

पंचवीस-तीस मोबाइल वर झाले. नंदलालनं साडी उचलली आणि पदर नाकाशी नेला. डोळे मिटले. चौतीस वर्षांत हजारदा केलं असेल ते हे. दुकानात डोळे मिटल्यावर एक लाल अंधार असायचा, त्या अंधारात नाकाच्या मुळाशी कोणीतरी काडीनं डिवचायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या एका क्षणात त्याला सगळं माहीत असायचं, काय माहीत असायचं ते सोडून. आता अंधार नुसता अंधार होता. त्यानं श्वास घेतला. हवा आली. सोडला. गेली. कूलरचं पाणी टपटपत होतं. त्यानं वर ट्यूबलाइटकडे पाहिलं, उजेडानं येते कधीकधी. नाही आली. जिभेचं टोक टाळूला घासलं. नाही. मागच्या रांगेत कोणीतरी हळू म्हणालं, “नाही आली वो,” आणि ते वाक्य रांगेरांगेनं मागे गेलं, दारातून बाहेर पडलं, आचाऱ्यांपर्यंत पोचलं, आणि झाऱ्याचा आवाज थांबला. सेवकरामजींचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग गालांतून, दात तेवढे राहिले. भुपेंद्र आपल्या नव्या बुटांकडे पाहत होता. “मंग?” सेवकरामजी म्हणाले. “नकली आहे म्हना न. म्हना, सगळ्यायसमोर.” ते उठायला लागले. गुडघा धरून, सावकाश, पण उठायला लागलेच. मंगलाबाई, जी सकाळी शिंक येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून आली होती, आता पदर तोंडात धरून त्याच्याकडे असं पाहत होती, की अजी, शिंका न, एकदा शिंका. आणि रुचिका पाटावर बसली होती, हिरव्या साडीत, आणि त्या अख्ख्या भवनात एकटीलाच माहीत होतं, की शिंक येणार नाही, कारण गोळी चांगल्या कंपनीची होती आणि तिनंच आणली होती. तिनं मान थोडी तिरपी केली. बापाला समजलं नाही ती काय म्हणते आहे. त्याला वाटलं, ती म्हणते आहे, चालेल.

“आऽऽक् छी!” नंदलाल म्हणाला.

शिंकला नाही, म्हणालाच. झाडीपट्टीच्या नाटकात राजा विष पिऊन पडतो तसा दोन्ही हात छातीशी नेऊन, मान मागे टाकून. नाकातून काही आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि शेवटचा ‘छी’ जरा उशिराच पडला. पण भवनात एवढी टाळी पडली, की कूलरवरचं पाखरू उडालं. सेवकरामजींनी अर्धं उठलेलं अंग पुढं टाकून त्याला मिठी मारली आणि मोबाइलकडे तोंड करून हसले. मंगलाबाईनं डोळे पुसले. रुचिकानं हसून मान खाली घातली, आणि साडी बायांसोबत आतल्या खोलीत गेली.

नंदलाल खुर्चीवर बसला. कोणी सरबत दिलं. तो ते धरून राहिला. सगळं चांगलं झालं होतं आणि त्याला वाटत होतं, की आपण दुसऱ्याच्या घरी चुकून जेवून आलो. आजवर त्यानं कधी खोटं शिंकलं नव्हतं. व्यापारात खोटं बोलला होता, भावात, मापात, गिऱ्हाइकाच्या रंगाला कोणता काठ शोभतो त्यात तर रोज. पण शिंक खरी होती. आणि आयुष्यातली पहिली खोटी शिंक त्यानं स्वतःच्या पोरीच्या साडीवर मारली होती. साडी नकली असली तर? पवनीत खरे विणकर आहेत, पण सेवकरामजींना खरं-खोटं कळतं का? त्यांना कोणी गुंडाळलं असलं तर? आणि खरी असली, तरी ते त्याला कुठं ठाऊक होतं? सरबतात वेलदोडा होता, साखर जास्त होती. एवढंच त्याचं नाक आता सांगू शकत होतं. बाप काडी ओढायचा तेव्हा त्याच्या कपाळावर उजेड पडायचा, ते त्याला आठवलं. राख तो चिमटीत धरून बराच वेळ चुरडत बसायचा, कोणाला न सांगता, एकटा. त्यानं सरबत खुर्चीखाली ठेवलं.

“बाई, जरा ते साडी द्या,” आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन तो म्हणाला, “काठावर डाग दिसला मले. एक मिनिट.” बाया रुचिकाच्या वेणीत गजरे खोवण्यात गुंतल्या होत्या, त्यांनी घडी त्याच्या हातावर ठेवली. शेजारी भांडारघर होतं. बेसनाची पोती, तेलाचे डबे, लाल मिरच्यांचा ढीग. खिडकीपलीकडे फोडणी बसली होती. आचाऱ्याकडून मागून घेतलेली काडीपेटी त्याच्या खिशात होती. त्यानं दार लोटलं, साडी घडीसकट गुडघ्यावर घेतली, पदराची एक दशी तोडली. काडी ओढली. दशी पेटली, पेटली म्हणण्याआधीच कुरळी होऊन विझली, आणि एक बारीक धूर सरळ वर आला. वास आला. घाण होता. हा जळलेल्या केसाचा आहे का? त्यानं केस जळताना कधी हुंगले नव्हते. त्याच्यात फोडणीची मिरची होती, गंधक होता, बेसन होतं. त्यानं जळती काडी एका हातात तशीच धरून दुसऱ्या हातातली दशी अगदी नाकाशी नेली, आणि नाकाच्या मुळाशी, इतक्या दिवसांनी, कोणीतरी हळूच डिवचलं. डोळ्यांत पाणी आलं. सगळी भांडी फळीवरून एकदम खाली आली.

ती शिंक समाजभवनाच्या फाटकापर्यंत ऐकू गेली. बाहेर क्षणभर सगळं थांबलं, आणि मग सेवकरामजींचा आवाज आला, “आइकलं का? दुसऱ्यांदा! बिनधास्त!” आणि पुन्हा टाळ्या.

नंदलालनं डोळे उघडले. हातात काडी नव्हती. ती साडीच्या घडीवर पडून विझली होती, आणि तिच्याभोवती रुपयाएवढं काळं वर्तुळ झालं होतं. त्यानं कडेची राख चिमटीत घेऊन चुरडली. भुकटी झाली. गोळी नव्हती, बोटाला चिकटली नाही. कोसा खरा होता. मंगलाबाईनं दार वाजवलं आणि सांगितलं, की अजी, मुहूर्ताले पाच मिनिटं राहिले, पोरगी थांबून राहिली. त्यानं घडी उलगडली. भोकं चार होती, एका ओळीत, सारख्या अंतरावर.